पप्पा किती लांब गेले?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण विमानात बसला आहात? हात वर करा पाहू. मी काही बसलेले नाही, आधीच सांगून टाकते. तरीही आज मी तुम्हाला चाकणहून थेट जर्मनीतल्या फ्रँकफर्टला नेणार आहे आणि परतही आणणार आहे. तिकीट काढायचे नाही. एक दोरा, एक पृथ्वीगोल आणि एक पट्टी जवळ घेऊन बसा, म्हणजे झाले.

मी खेड तालुक्यातल्या एका छोट्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले की एका बाजूला कांद्याची शेते दिसतात आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांची निळी-पांढरी छपरे. चाकण म्हटले की पूर्वी दोनच गोष्टी आठवत. एक कांद्याचा बाजार आणि दुसरा संग्रामदुर्ग किल्ला, जिथे १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले. आता चाकण म्हटले की मोटारी आठवतात. बजाजचा कारखाना इथे १९९९ मध्ये आला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा सुरू झाला, आणि त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझने आपला कारखाना पिंपरीहून चाकणला हलवला. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील या ना त्या कारखान्यात आहेत. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी बसचा ड्रायव्हर, कुणी कँटीनमध्ये.

अशाच एका फिटरची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. तिचे नाव सांगत नाही, कारण ती हे वाचणार आहे आणि लाजणार आहे.

जानेवारी महिन्यात तिच्या वडिलांना कंपनीने चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले. तिकडे वेल्डिंगचे नवे यंत्रमानव बसवले होते. त्यांची दुरुस्ती शिकून यायची होती. घरात आनंदीआनंद! पासपोर्ट आला, जाड कोट आला, आजीने शेंगदाण्याची चटणी कुटली. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ही पोरगी वर्गात अगदी गप्प. गणिताच्या तासाला तिने हळूच विचारले,

"बाई, पप्पा किती लांब गेले?"

माझ्या आधी मागच्या बाकावरून उत्तर आले. एका मुलाने आदल्या रात्रीच आईच्या मोबाईलवर बघून ठेवले होते. "पुणे ते फ्रँकफर्ट सहा हजार सातशे किलोमीटर! विमानाला आठ तास लागतात!"

"खोटं आहे," मुलगी म्हणाली. "पप्पा काल पाच वाजता घरातून निघाले. आज दुपारी अडीचला त्यांचा फोन आला, पोचलो म्हणून. एवढे कुठं आठ तास होतात?"

सगळा वर्ग बोटांवर मोजू लागला. संध्याकाळी पाच ते दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच म्हणजे साडेएकवीस तास. मग आठ तास कुठले आणि वरचे साडेतेरा तास गेले कुठे? भागाकार चुकला की मोबाईल? मी पाठ्यपुस्तक मिटले. असा प्रश्न वर्षातून एखाद्याच दिवशी मिळतो.

पहिल्यांदा अंतर तपासू या, म्हटले. आमच्या शाळेत एक पृथ्वीगोल आहे, बारा इंची. दक्षिण ध्रुवापाशी थोडी पोचट आलेली आहे, पण बाकी ठणठणीत. त्याच्या पोटावरून, म्हणजे विषुववृत्तावरून, आम्ही दोरा गुंडाळला आणि पट्टीवर मोजला. भरला ९६ सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर. मग पुण्यावर दोऱ्याचे एक टोक धरले, दुसरे फ्रँकफर्टवर, आणि दोरा ताणला. १६ सेंटिमीटर! आता ९६ मध्ये १६ किती वेळा जातात? सहा वेळा. म्हणजे पुणे ते फ्रँकफर्ट हे अंतर सगळ्या पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा सहावा भाग. ४०,००० भागिले ६ करा. आले ना साडेसहा हजारांच्या पुढे? मोबाईल खरे बोलत होता. मुलगी थोडी वरमली, पण हट्ट सोडला नाही.

पण मुलांनो, त्या ताणलेल्या दोऱ्याने आम्हाला एक गंमत दाखवली. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पुण्यापासून फ्रँकफर्टपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारली, तर तिचा मधला बिंदू इराक आणि सीरियाच्या सीमेच्या आसपास येतो. आणि गोलावर दोरा ताणला, तर त्याचा मधला बिंदू येतो पार वर, कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य काठाजवळ, बाकू शहराच्या थोडा खाली! शेकडो किलोमीटरचा फरक. खरे कोण, रेघ की दोरा? दोरा. कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा काढताना तिला ओढूनताणून सपाट केलेले असते. संत्र्याची साल टेबलावर सपाट करून बघा, फाटते की नाही? नकाशा फाटू नये म्हणून तो ताणतात आणि मग सरळ वाटणारी रेघ प्रत्यक्षात लांबची ठरते. विमाने शक्य असेल तेव्हा या दोऱ्याच्या वाटेने जातात.

आम्ही दोऱ्याखालची गावे वाचत गेलो. पुण्याहून वायव्येला निघाले की सौराष्ट्र. मग कराचीच्या जवळून बलुचिस्तान. मग इराणचे वाळवंट, कॅस्पियन समुद्राचा कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, मग युक्रेनमधले ओडेसा, आणि पुढे मध्य युरोप ओलांडून फ्रँकफर्ट.

कराची आले तशी मला एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला एक तरुण कराचीहून पत्रांची थैली घेऊन 'पस मॉथ' नावाच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून एकटाच निघाला, अहमदाबादला उतरला, आणि तिथून मुंबईला जुहूच्या मैदानावर आला. त्याचे नाव जे. आर. डी. टाटा. पिंपरीतल्या ज्या कारखान्याला आपल्याकडची जुनी माणसे अजून 'टेल्को' म्हणतात, त्या टेल्को कंपनीची सुरुवातही त्यांच्याच काळात, १९४५ मध्ये झाली. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्याचे नाव होते 'मलबार प्रिन्सेस'. पण ते काही एका दमात गेले नाही. कैरोला उतरले, जिनिव्हाला उतरले, आणि मग लंडन. चार पंखे फिरवत जाणाऱ्या त्या विमानाला आजच्या जेट विमानाचा वेग कुठून असणार?

असो. अंतर झाले. आता वेळ.

जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते. ६,७०० भागिले ९०० केले तर साडेसात तासही पुरे होत नाहीत. मग आठ, नऊ तास का लागतात? फळ्यावर मी तीन चोर लिहिले, आपला वेळ चोरणारे.

पहिला चोर वारा. आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. हिवाळ्यात तर उत्तर भारत आणि इराणवर त्यांचा जोर फार असतो. तुम्ही कधी समोरून वारा असताना नाशिक रस्त्यावर सायकल चालवली आहे का? पाय तेवढेच मारायचे पण सायकल पुढे जात नाही. विमानाचेही तसेच. जर्मनीला जाताना विमान पश्चिमेकडे चाललेले असते, म्हणजे वारा तोंडावर. समजा वाटेवरचा वारा सरासरी ताशी ६० किलोमीटरचा आहे, तर ९०० चे राहिले ८४०. येताना मात्र तोच वारा पाठीत! ९०० चे झाले ९६०. म्हणून मुंबई ते फ्रँकफर्ट जायला नऊ तासांच्या आसपास लागतात आणि यायला आठच्या आसपास. अंतर तेच, विमान तेच, पण येताना घर एक तास जवळ!

दुसरा चोर म्हणजे वळणे. दोरा ताणून धरला तरी आकाशात त्या वाटेने जाऊ देतीलच असे नाही. प्रत्येक देशाचे स्वतःचे आकाश असते, जशी प्रत्येक शेताला बांध असतो. आमच्या दोऱ्याखाली ओडेसा आले होते ना? तिथे फेब्रुवारी २०२२ पासून युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. भारतानेही तसेच केले. मग दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. जमिनीवर भांडण झाले की आकाशातली वाट लांबते. पाच-सहाशे किलोमीटरचा वळसा म्हणजे पाऊण तास गेलाच.

तिसरा चोर छोटा. विमान काही जागेवरून एकदम ९०० चा वेग घेत नाही. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकायचे, उडायचे, वर चढायचे, आणि शेवटी हळूहळू उतरायचे. अर्धा तास धरा.

तर पप्पांच्या विमानाने रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मुंबई सोडली आणि आपल्या घड्याळात सव्वादहा वाजता फ्रँकफर्ट गाठले. नऊ तास पाच मिनिटे. तेव्हा आम्ही शाळेत परिपाठाला उभे राहत होतो.

"मग उरलेले साडेबारा तास?" मुलीने विचारले. आता मोजायची सगळ्यांना चटक लागली होती.

तेही आम्ही लिहून काढले. चाकणहून तळेगाव, मग द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट, पनवेल आणि मुंबईचा विमानतळ. साडेचार तास. विमानतळावर सामान तपासणे, पासपोर्टवर शिक्का, आणि वाट बघणे. पावणेचार तास. तिकडे उतरल्यावर पुन्हा शिक्का, सामान, आणि आगगाडीने कारखान्याच्या गावी. सव्वाचार तास. बेरीज करून बघा, बसते की नाही. साडेएकवीस तासांच्या प्रवासात माणूस हवेत किती? नऊ तास. जमिनीवर साडेबारा! फळ्यावर हा आकडा बघून वर्ग हसायला लागला. विमानाच्या प्रवासात जमिनीचाच प्रवास जास्त.

"पण पुण्यात विमानतळ आहे की," एकजण म्हणाला. "मग मुंबईला कशाला गेले?"

आहे ना. लोहगावला. ब्रिटिशांच्या वेळचा, हवाई दलाचा तळ तो. त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही उडतात. जुलै २००८ मध्ये लुफ्तान्सा या जर्मन कंपनीने तिथून फ्रँकफर्टला थेट विमान सुरूही केले होते! चाकणला जर्मन कारखाने येत होते, तिकडच्या इंजिनिअरांची ये-जा वाढली होती, म्हणून. पण ते विमान छोटे, आणि आसने थोडी पण मोठी आणि महागडी. काही काळ तर ते वाटेत तेल भरायला उतरत असे. काही वर्षांनी ती सेवा बंद पडली.

यामागे धावपट्टीचाही भाग आहे. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या थोडी वर आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर. लांब जायचे तर खूप तेल लागते, खूप तेल घेतले की विमान जड होते, आणि जड विमानाला उडण्याआधी जास्त लांब धावावे लागते. लांब उडी मारताना तुम्ही नाही का मागे जाऊन धावत येत? पाठीवर दप्तर असेल तर आणखी मागे जावे लागते. अडीच किलोमीटर म्हणजे किती, ते कळावे म्हणून मी मुलांना शाळेच्या मैदानावर शंभर मीटरच्या पंचवीस फेऱ्या मारायला लावल्या. सतराव्या फेरीला "कळलं बाई, कळलं!" असा ओरडा सुरू झाला.

आता थोडे नाजूक आहे, पण सांगते. कारण आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, अगदी पहिलीच्या मुलालासुद्धा. पुण्यासाठी एक नवा, मोठ्या धावपट्टीचा विमानतळ बांधायचा असे ठरले, तेव्हा बरीच वर्षे जागा सांगितली जात होती ती आमच्याच बाजूची, चाकण-राजगुरुनगरची. ज्यांची शेते जाणार होती त्यांच्या घरात विहीर खणावी की नाही, घर बांधावे की नाही, पोराचे लग्न ठरवताना जमीन आहे म्हणून सांगावे की नाही, असे प्रश्न होते. लोकांनी विरोध केला. जमीनही डोंगराळ, चढउताराची. शेवटी २०१६ मध्ये विमानतळ पुरंदर तालुक्यात करायचे ठरले. आमच्याकडची माणसे सुटली. मग पारगाव आणि आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या घरात तेच प्रश्न सुरू झाले.

आमच्या त्या मुलीचे आजोबा विरोध करणाऱ्यांत पुढे होते. तालुक्याच्या मोर्चात बैलगाडी घेऊन गेले होते, असे ते अभिमानाने सांगतात. आता नातीने घरी जाऊन विचारले, "आबा, विमानतळ इथं झाला असता तर पप्पा किती तास लवकर पोचले असते?"

आबांनी तिला माझ्याकडेच परत पाठवले. "तुझ्या बाईला विचार. त्यांनीच चालू केलंय हे."

मी काय सांगणार? हिशेब सांगितला. मुंबईच्या रस्त्याचे साडेचार तास वाचले असते. बाकी सगळे तेच राहिले असते. आणि शेत गेले असते. दोन्ही गोष्टी मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि खाली बरोबरचे चिन्ह काढले नाही. तास आणि एकर यांची वजाबाकी करायला मला डी.एड.ला कुणी शिकवले नव्हते.

दिवस जात राहिले. मुलगी रोज संध्याकाळी सातला वडिलांशी फोनवर बोलायची. तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असायचे, वडील जेवून परत कामावर लागलेले, म्हणून बोलणे पाचच मिनिटे. साडेचार तासांचा हा फरक तिला पाठ झाला होता. तुम्हाला त्याचे कारण माहीत आहे का? पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. आपले भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे, जो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. जर्मनीचे घड्याळ १५ अंश पूर्व रेखांशावर. वजाबाकी करा, ६७.५. त्याला १५ ने भागा. साडेचार! बरोब्बर. पप्पा फ्रँकफर्टला उतरले तेव्हा तिथे पहाटेचे पावणेसहा वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. जानेवारीत तिथे सूर्य आठनंतर उगवतो.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी मात्र ती धावतच वर्गात आली. "बाई! पप्पा एक तास जवळ आले!"

मला काही कळेना. मग तिने सांगितले. आदल्या दिवशी, रविवारी, तिने नेहमीप्रमाणे सातला फोन केला तर तिकडे अडीचऐवजी साडेतीन वाजले होते. रात्रीत असे कसे झाले? तर मुलांनो, जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता सगळी घड्याळे एकदम तीनवर नेतात. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, म्हणून दिवसाच्या कामाला उजेड जास्त मिळावा, यासाठी ही युक्ती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो तास परत करतात. किलोमीटर एकही कमी झाला नव्हता. पण चौथीतल्या मुलीला ते कशाला समजावून सांगायचे? मी म्हटले, "हो गं, आले खरे."

आणि मग एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, आबा गोठ्यात पाय घसरून पडले.

मंगळवारची सकाळ होती. खुब्याचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, उद्या अकराला शस्त्रक्रिया करू, वय आहे, जवळची माणसे असलेली बरी. अकरा वाजता जर्मनीला फोन गेला. तिकडे सकाळचे साडेसात. त्या मुलीने घरी बसून राहायला नकार दिला आणि ती शाळेत आली. दप्तर उघडले नाही. सरळ पृथ्वीगोलाजवळ जाऊन उभी राहिली.

थेट विमानाचे तिकीट मिळाले नव्हते. दुबईमार्गे मिळाले. वर्गातल्या मुलांनी दोरा काढला. फ्रँकफर्ट ते दुबई साधारण ४,८४० किलोमीटर, दुबई ते मुंबई १,९३० च्या आसपास. बेरीज सुमारे ६,७७०. थेट मुंबईचे अंतर ६,५७०. "फक्त दोनशेच किलोमीटर जास्त आहे!" मागच्या बाकावरचा तो मोबाईलवाला तिला धीर देत म्हणाला. एरवी हे दोघे पट्टीवरून भांडतात.

मग आम्ही घड्याळ लिहिले. आपल्या वेळेने साडेबाराला खोलीवरून निघणार. आगगाडी, विमानतळ. संध्याकाळी सातला विमान. सहा तास, म्हणजे रात्री एकला दुबई. तिथे चार तास थांबा. पहाटे पाचला दुसरे विमान, तीन तास, आठला मुंबई. बाहेर पडेपर्यंत नऊ. पुढे चार तास रस्ता. दुपारी एक.

"शस्त्रक्रिया अकराला आहे," ती म्हणाली.

वर्गात कुणीच काही बोलले नाही. कुठला चोर पकडून दोन तास परत आणायचे, हे आम्हाला कुणालाच सुचले नाही. वारा तर पाठीचाच होता.

बुधवारी ती शाळेत आली नाही. आम्ही मात्र फळ्यावरचे घड्याळ पुसले नाही. आठ वाजता, म्हणजे शाळा भरायच्या वेळी, एकाने 'मुंबई'पुढे बरोबरची खूण केली. एक वाजून गेला तरी फोन नाही. दीड. शाळा सुटली तरी मुले घरी जाईनात. दोन वाजता तिच्या आईचा मला फोन आला. शस्त्रक्रिया नीट झाली होती. आबा शुद्धीवर होते, आणि वडील आत्ताच दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरले होते.

एक तास उशीर का झाला असेल, सांगा पाहू? चाकणच्या मुलांना हे सांगायलाच नको. तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी! दुबईहून मुंबईला यायला तीन तास आणि चाकणमधले शेवटचे दोन-तीन किलोमीटर यायला जवळजवळ दीड. शेवटी ते गाडी सोडून बॅग डोक्यावर घेऊन कंटेनरच्या रांगांमधून चालत निघाले आणि पुढे एका रिक्षात बसले. ती रिक्षा त्यांच्याच एका जुन्या वर्गमित्राची निघाली. त्याने पैसे घेतले नाहीत.

चार दिवसांनी मी आबांना भेटायला दवाखान्यात गेले. त्यांच्या उशाशी लेक बसलेला, अजून त्या जाड कोटातच. मी सहज म्हटले, "आबा, तुमचा विमानतळ इथं असता तर हे त्या दिवशी वेळेत आले असते."

आबा हसले. "बाई, विमानतळ झाला असता तर माझा गोठाच राहिला नसता. मग पडलो असतो कुठं?" मग थोडा वेळ गप्प राहिले. "पण त्या दिवशी आत नेत होते ना मला, तेव्हा मी दाराकडंच बघत होतो," असे म्हणाले, आणि लेकाला म्हणाले, "अरे, तो कोट काढ आता. एप्रिल आहे."

वडील पुन्हा जर्मनीला गेले नाहीत. शिकायचे थोडेच उरले होते, ते कंपनीने इथेच पुरे करून घेतले. आबा आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात.

परीक्षा संपल्यावर ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि तिने कंपासपेटीतून सोळा सेंटिमीटरचा तो दोरा काढला. चार महिने तो तिथेच होता, हे मला माहीतच नव्हते. "बाई, हा शाळेचा आहे. परत देते."

मी म्हटले, "राहू दे तुझ्याकडे."

"नको," ती म्हणाली, "त्याला लागेल." तिने मागच्या बाकाकडे बोट केले. त्या मोबाईलवाल्याचे वडील तळेगावला कोरियन मोटारींच्या कारखान्यात आहेत, आणि जूनमध्ये ते सहा आठवड्यांसाठी कोरियाला जाणार होते. दोघांनी मिळून गोल फिरवला. एक टोक पुण्यावर, आणि दोरा या वेळी उजवीकडे ताणला, पार सोलपर्यंत. तेरा सेंटिमीटरच लागले. उरलेल्या तुकड्याला तिने गाठ मारली.

"आणि हे बघ," ती त्याला बजावत होती, "त्यांचं घड्याळ आपल्या पुढं असतं, मागं नाही. साडेतीन तास. तू रात्री नऊला फोन करशील तर ते झोपलेले असतील."